ओटीवरची इंग्रजी पोथी

सर, काकू परवा गेल्या. दचकू नका, तशा नाही गेल्या. डोंबिवलीला मुलाकडे गेल्या. गुडघे आणि डोळे दोन्ही एकदम रुसले, मग तो येऊन घेऊन गेला. टोकावड्याच्या घराला कुलूप लागलं, किल्ली शेजारी दिली आहे आणि ओटीवरची तुमची लाकडी खुर्ची इथं शहापूरला माझ्याकडे आहे, भाड्याच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. तिच्यावर अजून कुणी बसलेलं नाही. कामाला येणाऱ्या मावशी पाय मोकळे करायला टेकायला गेल्या तर मी एवढ्या जोरात ‘अहो’ म्हणाले की त्यांच्या हातातला झाडू पडला. हे सगळं तुम्हाला माहीत असणार, कारण तुम्ही तिथंच होतात. तरी सांगते. वर्गात तुम्हीच म्हणायचात ना, मला उत्तर येतं म्हणून तू अर्धं लिहू नकोस, सगळं लिही.

आधी भांडून घेते. तुमच्या त्या आयरिश लेखकानं माझं डोकं खाल्लं आहे. एका शहरात लोक सकाळी उठतात, हिंडतात, खातात-पितात, मनातल्या मनात बडबडतात आणि झोपतात, एवढंच ज्यात घडतं ते पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा माझे केस काळेभोर होते. आता मेंदी लावते. किन्हवलीच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवते, एम.ए. झाले आहे, पण त्याचं एकेक वाक्य असं की कर्ता कुठं बसलाय आणि क्रियापद कुठं उतरलंय याचा पत्ता लागेपर्यंत गाडी सरळगावच्या स्टँडात शिरलेली असायची. कठीण लिहावं माणसानं, पण किती? शेजारच्या सीटवरची बाई माझं तोंड बघून विचारायची, ‘बाय, घरात काय वायट खबर हाय काय?’ मी म्हणायचे नाही हो, पुस्तक वाचतेय. तुम्हाला मात्र तक्रार केलेली चालत नसे. नववीत धडा समजेना म्हणून मी बाकाखाली गाईड उघडून बसले होते. तुम्ही ते ओढून घेतलंत, खिडकीतून बाहेर टाकलंत आणि म्हणालात, ‘समजलं नाही तर पुढं वाच. समजायची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील, चष्मा लागेल.’ वर्ग खदाखदा हसला आणि मी रडले. पण तुम्ही हसला नाहीत. चष्मा म्हणालात आणि तुमच्याच डोक्यात लख्ख प्रकाश पडला की ही मुलगी फळ्यावरचं कधीच फळ्यावरून उतरवत नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवते.

पुढच्याच रविवारी तुम्ही मला मुरबाडला डोळे तपासायला नेलंत. काकूंना मुद्दाम बरोबर घेतलंत, उगाच लोकांनी तोंडं वाजवायला नकोत म्हणून. चष्मा नाकावर बसला, आम्ही दुकानातून बाहेर आलो, आणि समोरच्या हॉटेलाच्या पाटीवर मिसळ लिहिलंय हे मी एवढ्या मोठ्यानं वाचलं की तुम्हाला ती खायला घालावीच लागली. तुम्ही सांगितलंत, त्या लेखकाचेही डोळे अधू होते, आयुष्यभर छळलं त्यांनी त्याला. घरी आल्यावर आमच्या बाबांनी मला खालीवर न्याहाळलं आणि तुम्हाला विचारलं, ‘मास्तर, आता हिला नवरा कसा भेटंल?’ तुम्ही म्हणालात, ‘भेटला तर तिला नीट दिसेल तरी.’ बाबा त्यावर पोट धरून हसले. त्या दिवसापासून तुम्ही आमच्या घरचेच झालात.

तुम्ही मूळचे घाटावरचे. माळशेज उतरून टोकावड्याच्या शाळेवर आलात आणि राहिलातच. पुस्तक तुम्हाला पुण्याला बी.एड. करताना रद्दीच्या दुकानात सापडलं होतं. दुकानातलं सगळ्यात जाड तेच, म्हणून घेतलं, असं तुम्ही आम्हाला न लाजता सांगायचात. ‘खेड्यात नोकरी लागणार हे ठरलेलं होतं. म्हटलं, जाड बघून घ्यावं. पुरवून पुरवून वाचता येईल.’ नंतर कधीतरी तुम्ही कुठल्या मासिकात वाचलंत की जूनच्या मध्यावर त्या लेखकाच्या गावात त्याच्या पुस्तकाचा दिवस साजरा होतो, लोक जुन्या टोप्या घालून रस्त्यानं फिरतात, न्याहारीला तळलेला गुर्दा खातात आणि चौकात उभं राहून मोठ्यानं वाचतात. झालं. ते खूळ टोकावड्यात आलं. जूनचा मध्य, सर! भाताच्या रोपांसाठी राब भाजून ठेवलेले, पेरणीची घाई, सख्ख्या भावाला बोलायला कुणाला सवड नाही, आणि तुम्ही सासऱ्यांची काळी टोपी घालून खाटकाच्या दारात गुर्दा मागायला उभे. काकू करवादायच्या, ‘त्याला दुसरा दिस नाय गावला काय? पेरण्या उरकल्यावर केला असता तर कोन मेलं असतं?’

एका वर्षी तो दिवस एकादशीला आला. काकूंनी तुम्हाला चुलीच्या आसपास फिरकू दिलं नाही. तुम्ही मागच्या पडवीत तीन दगड मांडलेत, जुनी लोखंडी कढई ठेवलीत, आणि मी आमच्या घरून तांदळाच्या भाकरी घेऊन आले होते. धूर सगळा डोळ्यांत. तुम्ही एका हातानं गुर्दा परतताय, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि वाक्य काही संपत नाही, आणि गुर्दा करपतोय. मी सांगतेय, सर, करपला. तुम्ही म्हणताय, थांब, स्वल्पविराम येऊ दे. काकू आतून ओरडताहेत, ‘ती कढय घासून, आंगोल करून घरात पाय ठेवा, नायतर तिकडंच राव्हा.’ आपण दोघांनी तो करपलेला गुर्दा खाल्ला. इतकं वाईट मी परत कधी काही खाल्लं नाही आणि इतकी हसलेही नाही.

तुम्ही वाचायला बसायचात तेही आंघोळ करून, ओटीवर, त्याच खुर्चीत, खड्या आवाजात. गावानं ठरवून टाकलं की ही मास्तरांची पोथी आहे. इंग्रजी पोथी. रानातून मोळ्या घेऊन येणाऱ्या वाडीवरच्या बाया तुमच्या अंगणासमोर आल्या की मोळीखालून मान वाकवून नमस्कार करायच्या. एकदा शेजारच्या आजींची हरवलेली म्हैस नेमकी तुमचं वाचन चालू असताना आपल्या पायांनी गोठ्यात आली. दुसऱ्या दिवशी आजी हळदकुंकू आणि नारळ घेऊन हजर. पुस्तकाला हळदीची बोटं लावली आणि विचारलं, ‘मास्तर, याला नवसाला काय चालतं?’ तुम्ही चेहरा सरळ ठेवून म्हणालात, ‘गुर्दा.’ आणि म्हातारीनं आणून दिला हो खरंच, पानात बांधून. मी तुम्हाला म्हटलं, सांगा ना त्यांना खरं काय ते. तुम्ही म्हणालात, ‘अगं, त्या लेखकाला जगात वाचणारे किती आणि नमस्कार करणारे किती? असू दे.’ तुम्हाला आवडायचं ते, कबूल करा. पण पोथीचा एक नियम असतो आणि तो तुम्ही घाटावरचे असूनही विसरलात. लावलेली पोथी अर्धी ठेवत नाहीत.

तुम्ही ठेवलीत. मी मुरबाडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. जूनचाच महिना, नुकता लागलेला, वर्षभराचं तुमचं वाचन संपत आलं होतं, छातीत दुखायला लागलं, जीप मुरबाडला पोचायच्या आधीच सगळं आटोपलं. पुस्तक खुर्चीवर तसंच पालथं पडलेलं होतं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या उंबरावर चार-पाच बसलेले, खाली बघताहेत, पण उतरत नाहीत. मुलानं हात जोडले, ‘बाबा, आईला मी अंतर देणार नाही.’ कावळा हलला नाही. घाटावरून आलेला तुमचा भाऊ म्हणाला, ‘दादा, जमिनीचं मनात ठेवू नको.’ नाही. आमचे बाबा पुढं झाले, ‘मास्तर, शाळंची काळजी करू नका, दुसरा मास्तर येल,’ हे ऐकून तर एक कावळा उठून आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला. ऊन चढलं. लोक कुजबुजायला लागले. मग मागून काकूंचा आवाज आला, त्या दिवसभरातला पहिलाच. ‘यांची पोथी राहिली.’ सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. गावात इंग्रजी शिकलेली मी एकटी. बाबा म्हणाले, ‘तू बोल गो.’

कावळा भूक लागली की येतो, असं तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. मी ते मनात म्हणतच पुढं गेले. हात जोडले. म्हटलं, ‘सर, पुस्तक मी पुरं करीन.’ माझा चष्मा घामानं घसरला होता, तो वर करेपर्यंत कावळा खाली आलेला होता. शिवला आणि गेला. बायका रडायला लागल्या. मी मात्र उभीच राहिले, कारण त्या क्षणी मला नक्की कळलं की तुम्ही ऐकलंत. आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन की कावळ्याला भूक लागली होती. पण कुणी विचारत नाही.

तेराव्याला काकूंनी पुस्तक माझ्या हातात दिलं. पानांत तुमची खूण होती, एसटीचं एक जुनं तिकीट, अगदी शेवटच्या भागाच्या तोंडाशी. मला वाटलं, थोडकं तर राहिलंय, महिन्याभरात होईल. काकू म्हणाल्या, ‘पोथी मधनंच उचलतात काय? पयल्यापासनं वाच. आन् हितं येऊन वाच, ओटीवर. त्यांना आयकू आलं पायजे.’ म्हणून एवढी वर्षं लागली, सर. रविवारीच सवड. शहापूरहून किन्हवली, किन्हवलीहून सरळगाव, तिथं गाडी बदलून टोकावडे. पावसाळ्यात घाटातल्या धबधब्यांना जाणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला, त्यात एसटी तासन्‌तास उभी. मधे नोकरी लागली, मधे बाबांचं आजारपण, मग आईचं. पण जमेल त्या रविवारी मी ओटीवर पायरीला पाठ लावून बसले आणि एक-दोन पानं मोठ्यानं वाचली. काकू तांदूळ निवडत ऐकायच्या. एक शब्द कळत नसे त्यांना. दिवेलागण झाली की त्या तुमच्या रिकाम्या खुर्चीशेजारी स्टुलावर कोऱ्या चहाचा कप आणून ठेवायच्या, आलं न घातलेला. निवला की उचलून जास्वंदीच्या मुळाशी ओतायच्या. ती जास्वंद एवढी माजली होती की विचारू नका.

पहिल्यांदा ते कधी झालं मला नीट आठवत नाही. मी पानाच्या मध्यावर होते आणि पान उलटल्याचा आवाज आला. माझं बोट तर ओळीवर होतं. वाटलं, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं असेल. पुढच्या रविवारी मी आधी कॅलेंडर उतरवून आत ठेवलं. तरी आला. कोरडा, जाड कागदाचा, खुर्चीच्या बाजूनं. मी काकूंकडे बघितलं, तर त्या सुपातले खडे वेचताहेत, मान वर न करता म्हणाल्या, ‘ते तुझ्या एक पान पुढं असतात. शाळेत पन धडा आधी वाचून जायचे, सवय हाय त्यांना.’ आणि मग खोकल्याचं लक्षात आलं. लांब वाक्य सुरू करायच्या आधी तुम्ही दोनदा खोकायचात. मीही दोनदा खोकते. कधीपासून, ठाऊक नाही. मुलं वर्गात माझी नक्कल करतात, आणि त्या नकलेत मला तुम्ही ऐकू येता.

भीती वाटली का? वाटली. पहिले काही रविवार मी शेवटची गाडी लवकर आहे म्हणून खोटं सांगून पळून आले. पण एका रविवारी गाडी बंद होती, जाता आलं नाही, आणि सोमवारी शाळेत माझं कशातच लक्ष लागेना. तेव्हा कळलं की आठवडाभर मी त्या एका आवाजाची वाट बघत असते. आईबाबा गेले. लग्न झालं नाही, त्याला चष्म्याला दोष देऊ नका, जमलं नाही एवढंच. शाळेत सगळे मला बाई म्हणतात, मीच दिवसभर पोरांना सांगते, समजलं नाही तर पुढं वाचा. मला पुढं वाच म्हणणारं तुमच्याशिवाय कोण उरलंय, सर? मेलेल्या माणसाच्या आधारावर दिवस काढणं बरं नव्हे हे मला कळतं. कळून काय करू?

यंदा काय झालं ते ऐका, तुम्हाला हसू येईल. शहापूरच्या एका वाचनालयानं तुमच्या लेखकाचा दिवस साजरा केला. फ्लेक्स लावला होता, त्यावर त्याचा गोल चष्म्यातला, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला फोटो. वाचनालयाचा शिपाई मला म्हणाला, ‘म्याडम, यांच्या डोल्याला काय झालं? मोतीबिंदू काय?’ मी म्हटलं तसलंच काहीतरी, बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या बिचाऱ्याच्या. तो हळहळला. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ. पाहुणे मुंबईहून आले होते. हा लेखक आजच्या काळात अधिकच महत्त्वाचा आहे, असं ते तीनदा म्हणाले, पण का ते सांगायचं राहून गेलं. मी भीत भीत अध्यक्षांना सुचवलं होतं की न्याहारीला गुर्दा ठेवू या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. ‘म्याडम, गुरवार हाय.’ पोहे झाले. कॉलेजातल्या एका मुलीनं उठून विचारलं, ‘हे पुस्तक इथं कुणी पूर्ण वाचलंय का?’ पाहुण्यांनी हात कानापर्यंत उचलला आणि केस सारखे करून खाली घेतला. मग लोक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ‘थोडं राहिलंय.’

तेवढ्यावरून त्यांनी मला माईकपुढं उभं केलं. मी तुमचंच पुस्तक नेलं होतं, हळदीच्या बोटांसकट. वाचायला लागले, दोनदा खोकले, आणि पान अर्ध्यावर असताना तो आवाज आला. या वेळी माईकमधून, सगळ्या हॉलभर. माईकवाल्यानं उठून वायर हलवून बघितली. मी कशीबशी परिच्छेद संपवून खाली बसले. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही त्या ओटीवर आहात. तुम्ही ओटीवर नव्हता. तुम्ही पुस्तकापाशी होता.

हे काकूंना सांगायचं ठरवून त्या रविवारी गेले, तर त्यांचंच सांगणं तयार. मुलगा महिनाअखेरीला न्यायला येणार होता. ‘मला डोल्यांनी दिसत नाय, चुलीशी बसवत नाय, जायाला पायजे,’ काकू म्हणाल्या. मग खुर्चीकडे हात केला. ‘पन यांचं काय? घर बंद झालं तर यांनी बसायचं कुठं? तिकडं चवथ्या माल्यावर येतील काय हे? यांना चाय कोन देल? तू ती पोथी पुरी कर बाय. सुटू दे त्यांना. मी जाताना हे हितं बसलेले नको. माझा पाय निघायचा नाय.’ त्या रडत नव्हत्या. माझा हात मात्र घट्ट धरला होता. मी हो म्हटलं. कावळ्याला दिलेला शब्द होता, आणि आता जितीजागती बाई तोच मागत होती. मी शाळेतून रजा घेतली आणि आठवडाभर टोकावड्यालाच राहिले.

वाचता वाचता तुमच्या तिकिटापाशी पोचले. काकूंना सांगितलं, काकू, सर इथपर्यंत आले होते. तर त्या सहज म्हणाल्या, ‘दर सालाला तितपतच यायचे. मग मिटून ठेवायचे. जूनच्या त्या दिसाला परत पयल्यापासनं.’ मी म्हटलं, म्हणजे शेवट त्यांनी कधीच वाचला नाही? ‘नाय. मी विचारलं व्हतं एकदा. म्हनले, उरू दे थोडं.’ आणि हे तुम्ही, सर, मला कधी बोलला नाहीत! गाईड फेकणारे तुम्ही! मला इतका राग आला की खुर्चीकडे तोंड करून मी म्हटलं, ‘समजलं नाही तर पुढं वाचा म्हणायचात ना?’ काकू खुदकन हसल्या.

तिकिटापुढचा तो शेवटचा भाग म्हणजे कहर आहे. पूर्णविरामच नाहीत. एक बाई अंथरुणात पडून विचार करतेय, नवऱ्याचा, जुन्या दिवसांचा, कशाचाही, आणि थांबत नाही. श्वास कुठं घ्यायचा तेच कळेना. काकूंनी विचारलं काय चाललंय, मी सांगितलं. म्हणाल्या, ‘बोलू दे की मंग. दिसभर कोनी आयकलं नसल तिचं.’ आणि त्यात मला जाणवलं की आवाज बदललाय. तुमचं पान आता माझ्या आधी उलटत नव्हतं. माझ्याबरोबर उलटत होतं, त्याच क्षणी, एकावर एक. तुम्हालाही ते नवीन होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आपण दोघं एकाच ओळीवर होतो. सर, तो आठवडा मी कुणालाही देणार नाही. शब्द किती कळले ते विचारू नका, मला फार थोडे कळले, पण मी इतकी सुखात होते की चुलीवर दूध उतू गेलं तरी उठले नाही.

शेवटच्या दिवशी काकूंनी मला डोक्यावरून आंघोळ करायला लावली. खुर्चीला हार घातला, समोर नारळ ठेवला. तिन्हीसांजेला मी शेवटच्या पानाशी आले. एकच पान उरलं होतं, उलटायचं आणि वाचायचं. मी बोट कागदाखाली घातलं आणि थांबले. कान देऊन ऐकलं. तुमचंही पान उलटलं नाही. मी आणखी थोडी थांबले. अंगणात शेजारची कोंबडी तेवढी खुडबुडत होती. काकूंनी विचारलं, ‘झालं?’

मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, ‘झालं, काकू.’

त्यांनी नारळ फोडला. तांदळाची खीर केली होती, सगळ्या आळीला वाटली. माझी ओटी भरली. त्या संध्याकाळी त्यांनी कोरा चहा ठेवला नाही. ओटीच्या कडेला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘गेले गो. हलकं वाटतं.’ आणि खरंच त्या हलक्या झाल्या होत्या. सामान बांधताना लग्नातली गाणी गुणगुणत होत्या. परवा गाडीत बसताना एकदाही मागं वळून बघितलं नाही. मला म्हणाल्या, ‘ती खुर्ची घिऊन जा तुला. तिकडं कुठं ठेवू मी?’ शेजाऱ्यांच्या टेम्पोतून ती सरळगावपर्यंत आणली, पुढं एसटीच्या मागच्या बाकाशेजारी उभी केली. कंडक्टर म्हणाला, ‘बाई, खुर्चीचं तिकीट लागंल.’ मी म्हटलं, द्या. हाफ काढू नका, फुल द्या. तो हसला.

काकूंना मी खोटं सांगितलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. त्यांना तुम्ही सुटायला हवे होतात, तुम्ही त्यांच्यापुरते सुटलात. मला तुम्ही सुटायला नको आहात. ते पान मी वाचणार नाही. शब्द मोडला म्हणून तुम्ही रागावा, वाटलं तर वर्गाबाहेर उभं करा, पण तुम्हीही ते कधी वाचलं नव्हतंत, तेव्हा जास्त बोलू नका. हे पत्र टाकायला पेटी कुठली? घडी करून पुस्तकात ठेवते, त्या शेवटच्या पानाशी. म्हणजे चुकून कुणी उलटायला गेलं तर आधी हे हाती लागेल. आता दिवे लावायची वेळ झाली आहे. स्टूल खुर्चीशेजारी सरकवलं आहे. चहा ठेवलाय, सर. आलं घातलेलं नाही.